‘वनस्पतिजन्य’ या शब्दाचा गुंता

वनस्पतींपासून केलेली कीडनाशके जुनीच आहेत. तंबाखूचे पाणी सतराव्या शतकाच्या अखेरीस युरोपात किडींवर वापरले जात होते. शेवंतीच्या कुळातल्या पायरेथ्रम फुलांची पूड एकोणिसाव्या शतकात व्यापारी माल बनली. १९३९ मध्ये डीडीटी या कृत्रिम रसायनाचे कीटकनाशक गुण समोर आले आणि पुढच्या काही वर्षांत हे जुने उपाय मागे पडले.

कडुनिंबाकडे शास्त्रज्ञांचे लक्ष वळले ते टोळधाडीमुळे. १९५९ मध्ये सुदानात टोळांनी परिसर फस्त केला, पण कडुनिंबाची पाने तशीच राहिली. १९६८ मध्ये निंबोळीतून ॲझाडिरॅक्टिन हे रसायन वेगळे करण्यात आले. ते किडीला लगेच मारत नाही. तिचे खाणे मंदावते आणि कात टाकण्याची क्रिया बिघडते. फवारणीनंतर दुसऱ्याच दिवशी मेलेल्या अळ्या शोधणाऱ्याला म्हणूनच हे औषध फसवे वाटते.

खरा वाद ‘वनस्पतिजन्य’ कशाला म्हणायचे, याचा आहे. पायरेथ्रम उन्हात लवकर विघटित होते. त्याच्या रेणूच्या धर्तीवर १९४९ मध्ये पहिले कृत्रिम रसायन आले आणि १९७३ च्या सुमारास उन्हात टिकणारे परमेथ्रिन तयार झाले. मूळ नक्षा फुलाचा, पण पदार्थ कारखान्याचा. सेंद्रिय शेतीचे नियम फुलाचा अर्क स्वीकारतात आणि परमेथ्रिन नाकारतात. ही रेषा मला पटते, कारण शेतात किती दिवस अवशेष राहतात हा प्रश्न तिथेच सुरू होतो.

पण हीच रेषा उलट्या बाजूने तोकडी पडते. निकोटीन थेट पानातून मिळते, तरी ते माणसाला अतिशय विषारी आहे. डेरिससारख्या वनस्पतींच्या मुळांतले रोटेनोन मासे मारण्यासाठी पूर्वापार वापरात होते आणि पुढे सेंद्रिय शेतीतही त्याला जागा मिळाली. २००० मध्ये उंदरांवरच्या प्रयोगात त्याने कंपवातासारखी लक्षणे निर्माण केली. २००८ मध्ये युरोपीय संघाने कीडनाशक म्हणून त्याला मान्यता नाकारली. निकोटीन आणि रोटेनोन दोन्ही अस्सल वनस्पतिजन्य, आणि म्हणूनच बराच काळ कमी प्रश्न विचारले गेले. ही चूक गंभीर होती.

तणांच्या बाबतीत हा शब्द आणखी निसरडा होतो. एक वनस्पती रसायने सोडून शेजारच्या वनस्पतीची वाढ रोखते, या गुणधर्माला १९३७ मध्ये स्वतंत्र नाव मिळाले. १९७७ मध्ये कॅलिफोर्नियात बॉटलब्रशच्या झाडाखाली तण फारसे उगवत नाही, हे लक्षात आले. त्या झाडातल्या लेप्टोस्पर्मोन या रसायनाच्या रचनेत फेरफार करून मेसोट्रायोन हे तणनाशक घडवले गेले. त्याने तणाची पाने पांढरी पडतात, मका मात्र ते पचवतो. त्याला वनस्पतिजन्य म्हणणे मला मान्य नाही.

अस्सल वनस्पतिजन्य तणनाशके, म्हणजे लवंग तेल किंवा पाइन तेल, बहुतेक स्पर्शाने, म्हणजे जिथे पडतात तिथेच, काम करतात. कोवळे तण काही तासांत करपते. हरळीसारखे बहुवर्षीय तण मात्र जमिनीतल्या काड्यांतून पुन्हा फुटते, आणि तेलाचा थेंब पिकावर पडला तर पीकही करपते.