म्हणे, अंते आणि सीमाभागातला पेपर

आमचे आज्जा पेपर वाचायला बसले की हातात लाल-निळी पेन्सिल असायची. घडलेल्या गोष्टीखाली निळी रेघ, कुणाच्या तरी म्हणण्याखाली लाल. बेळगावात मराठी आणि कन्नड असे दोन पेपर येणाऱ्या घरात हा उद्योग चांगलाच रंगतो. १ नोव्हेंबरनंतरचे अंक तर लालेलाल. त्या दिवशी एका पेपरात कर्नाटकच्या स्थापनेचा राज्योत्सव असतो, दुसऱ्यात बेळगाव महाराष्ट्राबाहेर राहिल्याचा काळा दिन. मिरवणूक निघाली हे खरे, महाराष्ट्र एकीकरण समितीची सायकल फेरी निघाली हेही खरे. ‘उत्स्फूर्त’, ‘अभूतपूर्व’, ‘फज्जा’ हे शब्द मात्र बातमीदाराच्या पदरचे.

खरे तर आपल्या दोन्ही भाषांनी ही रेघ बोलण्यातच मारून ठेवली आहे. ‘तो आला’ आणि ‘तो आला म्हणे’. दुसऱ्या वाक्यात बोलणारा जबाबदारी अंगावरून झटकून मोकळा होतो. कन्नडमध्ये ‘बंद’ म्हणजे आला आणि ‘बंदनंते’ म्हणजे आला म्हणे. इथली म्हातारी माणसे दोन्ही सहज वापरतात. बातमीच्या मराठीत मात्र ‘म्हणे’ला जागा नाही. तिथे ‘समजते’, ‘कळते’, ‘बोलले जाते’ आले. कुणाला समजले, कुणाकडून कळले, हे सांगायची गरजच उरली नाही. आज्जांची लाल रेघ सगळ्यात आधी या तीन क्रियापदांवर पडायची.

ऐकीव गोष्टीला किती मोल द्यायचे, हा प्रश्न जुनाच. न्यायदर्शनाने, म्हणजे आपल्या जुन्या तर्कशास्त्राने, प्रत्यक्ष, अनुमान आणि उपमान यांच्या जोडीला शब्दही प्रमाण, म्हणजे ज्ञानाचे साधन, मानला. पण शब्द आप्ताचा हवा, म्हणजे ज्याला ठाऊक आहे आणि जो खरे सांगतो अशा माणसाचा. इंग्रजी अमलात हीच वाटणी कलमांत उतरली. १८६० च्या दंडसंहितेत बदनामीच्या कलम ४९९ ला अपवाद जोडले. लोकहितासाठी सांगितलेले सत्य हा एक अपवाद, सरकारी नोकराच्या कामाबद्दल सद्भावनेने दिलेले मत हा दुसरा. १८७२ च्या पुरावा कायद्याने तर आणखी मजेशीर गोष्ट केली. वस्तुस्थिती म्हणजे काय, हे सांगताना त्याने एक उदाहरण असे दिले की एखाद्या माणसाचे अमुक मत आहे, हीसुद्धा वस्तुस्थितीच. शाळेत शिकवतात तशी सरळ दोन खान्यांची विभागणी इथे कोलमडते. पुढारी जे बोलला ते मत. पण तो तसे बोलला, ही घडलेली गोष्ट.

मराठी पत्रकारितेला याचा चटका लवकर बसला, आणि तोही आमच्या शेजारी कोल्हापूरच्या प्रकरणात. ‘केसरी’ १८८१ च्या जानेवारीत निघाला. कोल्हापूरच्या महाराजांचा छळ होतो आहे, त्यामागे कारभारी माधवराव बर्वे आहेत, असा आरोप त्यात झाला आणि आधाराला पत्रे छापली गेली. ती पत्रे बनावट निघाली. बर्व्यांनी बदनामीचा खटला भरला आणि १८८२ साली टिळक व आगरकर या दोघांना चार महिन्यांची शिक्षा झाली. डोंगरीच्या तुरुंगात प्रत्यक्षात १०१ दिवस गेले. महाराजांविषयीची त्यांची कळकळ खोटी नव्हती, पुराव्याचा कागद खोटा होता. या प्रकरणाची आठवण निघते ती बहुतेकदा त्यागाची गोष्ट म्हणून. पत्रांचे काय झाले, हे एका वाक्यात उरकले जाते.

सीमाभागात याहून अवघड जात भेटते ती खऱ्या आकड्यांची. १८८१ च्या जनगणनेत बेळगाव जिल्ह्यात कन्नड बोलणारे ६४.३९ टक्के आणि मराठी बोलणारे २६.०४ टक्के होते. १९५१ च्या जनगणनेत बेळगाव शहरात मराठी बोलणारे निम्म्याहून जास्त होते. दोन्ही आकडे खरे, दोन्हींखाली निळी रेघ. पण जिल्हा धरायचा, शहर धरायचे की खेडे, आणि कोणते साल धरायचे? तिथून मत सुरू होते. खेडे हा घटक धरावा, हा महाराष्ट्राचा आग्रह. आकडा छापणारा पेपर ही निवड सहसा सांगत नाही.

१ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, गेले, चंदगड तालुका मात्र मुंबई राज्यात राहिला. ऑक्टोबर १९६६ मध्ये या सीमावादासाठी महाजन आयोग नेमला गेला, पुढच्या वर्षी त्याचा अहवाल आला. निपाणी, खानापूर धरून २६४ गावे महाराष्ट्राला, २४७ गावे कर्नाटकाला आणि बेळगाव शहर आहे तिथेच, अशी शिफारस. आता एका पेपरात हा ‘अंतिम निवाडा’ होतो, दुसऱ्यात ‘अन्यायकारक अहवाल’. शिफारस हा साधा शब्द दोघांनाही नकोसा.

बेळगावजवळच्या येळ्ळूर गावाच्या वेशीवर ‘महाराष्ट्र राज्य’ असा फलक होता. जुलै २०१४ मध्ये प्रशासनाने तो पाडला. व्याकरणाने पाहिले तर तो पत्ता होता, वस्तुस्थिती सांगणारा. गावाला ती इच्छा वाटत होती, सरकारला खोटी माहिती. मला विचाराल तर गावाचे वाचन जास्त बरोबर, आणि हे माझे मत. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला बेळगावचे अधिकृत नाव बेळगावी झाले. मराठी पेपर बेळगाव लिहीत राहिले. नुसते नाव वाचूनही लेखणी कुणाची ते कळते.

२००४ साली महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. मराठीत दावा म्हणजे खटला आणि दावा म्हणजे अजून सिद्ध व्हायचे असलेले म्हणणेही. ‘सीमाप्रश्नी महाराष्ट्राचा दावा’ या मथळ्यापाशी आज्जांची पेन्सिल बराच वेळ थांबली. मग त्यांनी अर्ध्या शब्दाखाली निळी आणि अर्ध्याखाली लाल रेघ ओढली.