श्रीकृष्ण आयोग ते तक्रार प्राधिकरण: पोलिसांना जाब विचारायच्या वाटा

मुंबईच्या १९९२-९३च्या दंगलीत ९०० माणसं मेली, त्यांत ५७५ मुसलमान. एकूण मृत्यूंपैकी ३५६ पोलीस गोळीबारातले, म्हणजे भोसकून मारलेल्या ३४७ जणांपेक्षाही जास्त. न्या. श्रीकृष्ण आयोग जानेवारी १९९३मध्ये नेमला गेला. युती सरकारनं तो १९९६मध्ये गुंडाळला आणि काही महिन्यांनी पुन्हा सुरू केला. फेब्रुवारी १९९८च्या अहवालात ३१ पोलिसांवर कडक कारवाईची शिफारस होती.

आयोगाचा अहवाल म्हणजे निकाल, असं लोकांनी धरलं. पण १९५२च्या चौकशी आयोग कायद्यानुसार शिफारशी सरकारवर बंधनकारक नसतात. शिवाय एखाद्यानं आयोगापुढे जे सांगितलं, ते खोट्या साक्षीचा खटला सोडला तर त्याच्याविरुद्ध वापरता येत नाही. पुरावा नव्यानं उभा करावा लागतो, तोही वर्षं उलटल्यावर. सुलेमान उस्मान बेकरीतला पोलीस गोळीबार ९ जानेवारी १९९३चा. गुन्हा नोंदला गेला २००१मध्ये. २००३मध्ये तत्कालीन सहपोलीस आयुक्त आरोपमुक्त झाले आणि २०११मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यात हस्तक्षेप केला नाही. गुन्हा नोंदवायलाच झालेला आठ वर्षांचा उशीर आम्हाला अक्षम्य वाटतो.

पोलिसांविरुद्धच्या तक्रारींसाठी कायमस्वरूपी यंत्रणेचा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश प्रकाश सिंह खटल्यात, २००६मध्ये आला. महाराष्ट्रानं पोलीस कायद्यात राज्य तक्रार प्राधिकरण आणलं ते २०१४मध्ये. अध्यक्ष निवृत्त उच्च न्यायालय न्यायाधीश, पण एक सदस्य निवृत्त पोलीस अधिकारी आणि सदस्य-सचिव अपर महासंचालक दर्जाचा. कोठडीतला मृत्यू, गंभीर दुखापत, बलात्कार, बेकायदा अटक, खंडणी अशा तक्रारी इथे चालतात. पीडितासाठी दुसऱ्यालाही अर्ज करता येतो.

दलित-आदिवासींच्या हाती आणखी एक हत्यार आहे. अॅट्रॉसिटी कायद्याच्या कलम ४नुसार कर्तव्यात जाणूनबुजून कसूर करणाऱ्या बिगर-दलित, बिगर-आदिवासी अधिकाऱ्याला सहा महिने ते एक वर्ष कैद होऊ शकते. अनुसूचित जातीतले बौद्ध यात येतात. दलित मूळ असलेले मुस्लिम आणि ख्रिस्ती येत नाहीत, कारण १९५०च्या राष्ट्रपती आदेशानं त्यांना वगळलंय. धार्मिक अल्पसंख्याकांसाठी असं कलमच नाही, आणि ही उणीव जाणवते ती नेमकी दंगलीनंतर.

पोलीस ठाण्यात गुन्हा नोंदवून घेतला नाही, तर पोलीस अधीक्षकांकडे लेखी तक्रार द्यायची (आयुक्तालयात उपायुक्तांकडे). मग शपथपत्रासह दंडाधिकाऱ्यांकडे. पण फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७५(४)नुसार, कर्तव्य बजावताना केलेल्या कृत्याबद्दल लोकसेवकाविरुद्ध तक्रार असेल तर दंडाधिकाऱ्याला वरिष्ठ अधिकाऱ्याचा अहवाल मागवावा लागतो. हा अहवाल त्याच खात्यातून येतो आणि प्रकरण बहुधा इथेच अडकतं.

म्हणून पहिल्याच आठवड्यात ठाण्यातलं सीसीटीव्ही चित्रण राखून ठेवण्याचा अर्ज द्यावा, त्यात तारीख, वेळ, खोली लिहावी आणि पोचपावती घ्यावी. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२०च्या आदेशानुसार चित्रण १८ महिने ठेवायचं असतं, तशी उपकरणं नसतील तिथेही किमान एक वर्ष. मानवी हक्क आयोगाकडे जायची मुदतही घटनेपासून एक वर्षच.