महापौराला मत दिलंच नव्हतं

ठाण्यात निवडणूक जवळ आली की नौपाड्यापासून कळव्यापर्यंत एक वाक्य हमखास ऐकू येतं: 'यंदा महापौर म्हणून अमक्यालाच मत देणार.' हे चूक आहे, आणि वर्षानुवर्षं चालत आलेलं आहे.

महापौर आपण निवडतच नाही. आपण नगरसेवक निवडतो आणि ते आपल्यातून अडीच वर्षांसाठी महापौर निवडतात. 2017 च्या निवडणुकीत ठाण्यात 33 प्रभाग आणि 131 जागा होत्या. बहुतेक प्रभाग चार जणांचे, म्हणजे एकेका मतदाराला अ, ब, क, ड अशी चार मतं. त्यात महापौराचं बटण कुठेच नव्हतं.

घोळ होतो तो शेजारच्या अंबरनाथ-बदलापूरमुळे. तिथे नगरपरिषद आहे आणि नगराध्यक्ष थेट जनतेतून निवडला जातो. ठाण्यातही 1863 पासून नगरपालिकाच होती. महापालिका झाली ती 1 ऑक्टोबर 1982 रोजी. जुन्या ठाणेकरांच्या बोलण्यात नगराध्यक्ष अजून डोकावतो, तो त्यामुळेच.

दुसरा गैरसमज मला जास्त खटकतो: महापौर शहर चालवतो. महापौर सभा चालवतात, पण कायद्याने कारभाराचे अधिकार आयुक्तांकडे, आणि आयुक्त नेमतं राज्य सरकार. खर्चाचे मोठे प्रस्ताव 16 सदस्यांच्या स्थायी समितीपुढे जातात. नवी मुंबईतही हीच रचना. म्हणून गटार तुंबलं तर आधी प्रभाग समितीच्या कार्यालयात लेखी अर्ज द्या, पोच घ्या आणि त्याची प्रत आपल्या नगरसेवकाच्या हातात ठेवा.