एम (जर्मन चित्रपट)

फ्रिट्झ लांग या दिग्दर्शकाचा पहिला बोलपट. मे १९३१ मध्ये तो बर्लिनमध्ये प्रथम दाखवला गेला. पटकथा लांग आणि त्याची पत्नी थेआ फॉन हार्बो यांची. (याच हार्बोने लांगपासून वेगळे झाल्यावर आयी तेंडुलकर या मराठी पत्रकाराशी विवाह केला.)

लहान मुलींचे खून करणारा एकजण शहरात मोकाट आहे. पोलिसांच्या रोजच्या धाडींनी धंदा बसल्यामुळे गुन्हेगारांच्या टोळ्याही त्याच्या मागावर निघतात आणि भिकाऱ्यांना गल्लोगल्ली पाळतीवर बसवतात. हान्स बेकर्ट या खुन्याची भूमिका पीटर लोरे याने केली. तेव्हा तो सव्वीस वर्षांचा होता आणि बर्लिनच्या रंगभूमीवर ब्रेश्टच्या नाटकात काम करत होता.

लोरे पडद्यावर फार थोडा वेळ दिसतो, आणि त्याच्या अभिनयाचे मोल इथूनच ओळखावे लागते. खुन्याला पकडून देणाऱ्यास बक्षीस जाहीर करणाऱ्या फलकावर आधी त्याची नुसती सावली पडते. मग ऐकू येते नॉर्वेजियन संगीतकार ग्रीगच्या ‘पेअर ग्युंट’मधल्या सुरावटीची शीळ. लोरेला शीळ घालता येत नसे, ती दुसऱ्याने घातली आहे. चित्रपटाला पार्श्वसंगीत नाही, त्यामुळे ती शीळ अंगावर येते. एक आंधळा फुगेवाला तिच्यावरूनच खुनी ओळखतो. पुढे सुऱ्यांनी सजवलेल्या दुकानाच्या काचेत एका मुलीचे प्रतिबिंब दिसते आणि सफरचंद खात उभा असलेला बेकर्ट जागच्या जागी बदलतो. संवाद एकही नाही. डोळे ताठरतात, शरीर किंचित झुलते. गुबगुबीत, पोरसवदा चेहऱ्याच्या माणसात हा बदल पाहताना जी भीती वाटते, ती उग्र दिसणाऱ्या नटाकडून वाटली नसती.

शेवटी ओसाड पडलेल्या कारखान्यात गुन्हेगार त्याच्यावर खटला चालवतात. आपल्या आत कोणीतरी सतत पाठलाग करत असते, त्यातून सुटका नाही, असे तो किंचाळत सांगतो. आवाज चिरकतो, हातांची बोटे आकड्यासारखी वळतात. लोरे इथे दयेची याचना करत नाही. तो यातना दाखवतो. जर्मन बोलपटाच्या आरंभकाळात याच्या तोडीचा अभिनय क्वचितच सापडेल. प्रेक्षकाला खुन्याविषयी घृणा वाटतच राहते, तरी त्याच्या रक्ताला चटावलेल्या जमावात बसणेही नकोसे होते.

लोरे ज्यू होता. १९३३ मध्ये नाझी सत्तेवर येताच त्याने जर्मनी सोडली. १९४० च्या एका ज्यूद्वेषी प्रचारपटात नाझींनी खटल्यातले हेच स्वगत त्याच्या जमातीविरुद्धचा पुरावा म्हणून वापरले.