परिणामी हॅमिल्टोनियन

रेणूच्या पूर्ण हॅमिल्टोनियनाऐवजी (एकूण ऊर्जेचा कारक; कारक म्हणजे अवस्थांवर करावयाची गणिती क्रिया) मोजक्याच अवस्थांच्या अवकाशात मांडलेला, तरीही त्या अवस्थांशी निगडित ऊर्जा पातळ्या देणारा कारक. या लहान अवकाशास प्रतिमान अवकाश म्हणतात. बाहेरच्या अवस्थांचा प्रभाव कारकाच्या घटकांतच मुरवलेला असतो.

पद्धतीचा उगम बहुधा व्हॅन व्ह्लेक यांच्या १९२९ च्या, द्विअणू रेणूंच्या वर्णपटांवरील निबंधात धरतात. तेथे मात्र ती ओघात आली आहे. पुढील विवेचनासाठी जॉर्डाल (१९३४) व केंबल (१९३७) यांचे दाखले दिले जातात. घनावस्था भौतिकीत याच जातीचे, बाहेरच्या अवस्थांशी असलेली जोड काढणारे रूपांतर श्रीफर–वुल्फ (१९६६) नावाने रूढ आहे. नाव काहीही असो, अग्रक्रम व्हॅन व्ह्लेक यांना देणेच रास्त दिसते.

लव्हदिन यांच्या विभाजन पद्धतीत (१९५१) बाहेरच्या अवस्थांचे निरसन अचूक होते, पण मिळणारा कारक शोधावयाच्या ऊर्जेवरच अवलंबून राहतो व उत्तर पुनःपुन्हा गणित करून काढावे लागते. ब्लॉक (१९५८) यांनी हे अवलंबन काढले. त्यांच्या कारकाच्या ऊर्जा अचूक असतात, मात्र अचूक अवस्थांच्या प्रतिमान अवकाशावरील छाया परस्परलंब नसल्याने तो सर्वसाधारणपणे हर्मिटीय (स्वतःच्या संयुग्मी परिवर्तिताइतकाच असणारा) नसतो. दे क्लुआझो (१९६०) यांनी त्या छायांचे सममित लंबीकरण करून हर्मिटीय रूप मिळवले. व्हॅन व्ह्लेक पद्धतीचे प्रमाण रूप याच्याशी जुळते, हे मत आज ग्राह्य वाटते.

उदा., दोन अणुस्थाने व दोन इलेक्ट्रॉन घ्यावेत. उडीचा (इलेक्ट्रॉन एका स्थानावरून दुसऱ्यावर जाण्याचा) घटक १ आणि एकाच स्थानी दोन्ही आल्यास प्रतिकर्षण ८ धरल्यास, आयनी (दोन्ही इलेक्ट्रॉन एकाच स्थानी असलेल्या) अवस्थांच्या निरसनाने एकक अवस्था (एकूण परिवलन शून्य असलेली) क्षोभ श्रेणीच्या दुसऱ्या क्रमात ०·५ ने खाली येते. अचूक उत्तर ०·४७२. हायझेनबर्ग परिवलन कारकातील (शेजारच्या स्थानांवरील परिवलनांची परस्परक्रिया मांडणाऱ्या) युग्मन असेच उद्भवते. प्रतिकर्षण २ केल्यास मात्र २ विरुद्ध १·२३६ अशी तफावत पडते.

बाहेरची एखादी अवस्था ऊर्जेने प्रतिमान अवकाशाजवळ आली की श्रेणीतील ऊर्जा-फरकांचे छेद शून्याकडे जातात आणि श्रेणी फिसकटते. अशा ‘घुसखोर’ अवस्थांवर उपाय म्हणून माल्रियू, द्युरां व दोदे यांनी १९८५ मध्ये मध्यस्थ हॅमिल्टोनियन सुचवला : काही पातळ्या अचूक घ्यावयाच्या, बाकीच्या केवळ आधाराला.

युग्मित गुच्छ सिद्धांतातही (इलेक्ट्रॉनांचा परस्परसंबंध घातांकी कारकाने मांडणारी पद्धत) या कल्पनेचा वापर होतो. भारतात कोलकात्यात देबाशिष मुखर्जी आणि पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत सौरव पाल यांनी बहुसंदर्भी (एकाहून अधिक आरंभिक अवस्थांवर उभारलेल्या) पद्धतींवर काम केले.