प्रेक्षक-इतिहास : साधने व संशोधनपद्धती

चित्रपट पाहणारे, रेडिओ ऐकणारे आणि दूरचित्रवाणीसमोर बसणारे लोक कोण होते, कोणासोबत व किती वेळा जात, कुठल्या दराच्या जागेवर बसत आणि त्या जाण्याचे त्यांना काय अप्रूप होते, याचा शोध घेणारी इतिहासाची शाखा. रिळे जपली गेली तरी त्यांवर प्रेक्षकाची खूण नसते. म्हणून इथली साधने पडद्याबाहेरची असतात : परवान्यांच्या फायली, करमणूक कराच्या नोंदी, गल्ल्याच्या वह्या, वर्तमानपत्री जाहिराती, डायऱ्या, मुलाखती. यांतले बहुतेक कागद भलत्याच कामासाठी तयार झालेले असतात, आणि ते काम काय होते हे कळल्याशिवाय त्यांतला आकडा उचलू नये.

चित्रपटाचे आद्य प्रवर्तक मानल्या जाणाऱ्या फ्रान्सच्या ल्युमिएर बंधूंच्या चित्रपटातली आगगाडी पडद्यावर येताना पाहून लोक घाबरून पळाले, ही गोष्ट सर्वत्र सांगितली जाते. अशा पळापळीचा भरवशाचा समकालीन पुरावा नाही. शिवाय २८ डिसेंबर १८९५ च्या पॅरिसमधील पहिल्या सशुल्क खेळात तो चित्रपट नव्हताच. प्रेक्षकांविषयीच्या आख्यायिका अशाच चिवट असतात.

प्रेक्षकांना थेट विचारण्याचे प्रयत्न मात्र लवकर सुरू झाले. एमिली आल्टेनलो यांनी जर्मनीतील मानहाइम शहरात प्रश्नावली वाटून वय, लिंग व व्यवसायानुसार आवडीनिवडी मांडल्या (१९१४). भारतात चित्रपटांच्या चौकशीसाठी ब्रिटिश सरकारने नेमलेल्या रंगाचारियर समितीने १९२७-२८ मध्ये प्रश्नावल्या पाठवल्या व साक्षी घेतल्या. या साक्षी आजही वाचनीय आहेत. पण बोलणारे बहुधा चित्रपटगृहांचे मालक, अधिकारी, शिक्षक व प्रतिष्ठित नागरिक. स्वस्त तिकिटाच्या प्रेक्षकाबद्दल तिथे भरपूर बोलले जाते, तो स्वतः क्वचितच बोलतो.

शहरपातळीवरच्या अभ्यासाची सुरुवात खेळांच्या तक्त्याने होते. एका आठवड्यातला एका चित्रपटगृहातला एक चित्रपट म्हणजे एक ओळ. तीत तारीख, पत्ता, आसनक्षमता, तिकिटांचे दर आणि एकाच तिकिटात दोन चित्रपट होते का, हे रकाने हवेत. चित्रपटगृहाला नावाऐवजी क्रमांक द्यावा. मालक बदलला की नाव बदलते, आणि एकच इमारत तक्त्यात दोनदा शिरते. जाहिरात म्हणजे खेळ झालाच असे नाही : प्रत वेळेवर न पोहोचणे, ऐनवेळी चित्रपट बदलणे नेहमीचे होते. फिरते तंबू तर निर्देशिकांत सापडतच नाहीत. त्यांच्यासाठी जत्रांचे व तात्पुरत्या परवान्यांचे कागद चाळावे लागतात.

गल्ल्याच्या वह्या हाती नसतील तर जॉन सेजविक यांची ‘पॉपस्टॅट’ पद्धत वापरतात. आसने गुणिले सरासरी तिकीट ही चित्रपटगृहाची संभाव्य कमाई. तिला सर्व चित्रपटगृहांच्या सरासरीने भागले की त्याचे वजन मिळते. सरासरी ४०० आणि या चित्रपटगृहाची कमाई ६००, तर वजन १.५. चित्रपट जोडीने दाखवला असेल तर ०.५ ने गुणायचे, मग जितके आठवडे चालला तितक्याने. दोन आठवड्यांचे उत्तर १.५ × ०.५ × २ = १.५. अशी बेरीज सर्व चित्रपटगृहांवरून केली की चित्रपटांचा लोकप्रियतेचा क्रम लागतो. हा अंदाज आहे, तिकिटांची मोजणी नव्हे. करारामुळे रिकाम्या खुर्च्यांसमोर ताणलेला आठवडाही तो भरलेलाच धरतो.

तिकिटे मोजली तरी माणसे मोजली जात नाहीत. ब्रिटनमध्ये १९४६ साली सुमारे १६३.५ कोटी तिकिटे खपली. लोकसंख्या पाच कोटींच्याही आत होती. म्हणजे हा फेऱ्यांचा आकडा. त्यात आठवड्यातून दोनदा जाणारा आणि वर्षातून एकदा जाणारा एकाच राशीत पडतात. कर चुकवण्यासाठी तीच तिकिटे पुन्हा विकली जात असतील, तर कराच्या नोंदी गर्दी कमी दाखवतात.

मौखिक इतिहासात ॲनेट कून यांचा १९३० च्या दशकातील ब्रिटिश प्रेक्षकांचा अभ्यास पायाभूत मानला जातो. लोकांना विशिष्ट चित्रपटांपेक्षा जाण्यायेण्याच्या, सोबतीच्या, रांगेच्या आठवणी अधिक असतात, असे त्यातून दिसले. त्यामुळे मुलाखतीत ‘कुठला चित्रपट आवडला?’ हा पहिला प्रश्न नसावा. घरापासूनची वाट विचारावी, ती कागदावर काढायला सांगावी. छायाचित्रे शेवटी दाखवावीत, नाहीतर स्मरण त्यांच्याच मागे जाते. साठ वर्षांनी भेटणारे साक्षीदार त्या काळी पोरवयाचे होते, म्हणून मिळतो तो मुलांचा सिनेमा; त्यांच्या आईवडिलांचा नव्हे.

प्रसारणात तिकीटच नाही. बीबीसीने १९३६ मध्ये रॉबर्ट सिल्वी यांच्याकडे श्रोता-संशोधन सोपवले, आणि पुढे आदल्या दिवशी काय ऐकले हे माणसांना विचारले जाऊ लागले. अमेरिकेत निल्सन कंपनीचे ‘ऑडिमीटर’ हे यंत्र रेडिओ-संच कुठल्या केंद्रावर लावला आहे ते आपोआप टिपत असे. एकात विसरलेले कार्यक्रम गळतात, दुसऱ्यात रिकाम्या खोलीत वाजणारा रेडिओही श्रोता ठरतो. हे दोन आकडे एका रकान्यात मांडता येत नाहीत.