डोपामीन व शिकणे

मेंदूतील डोपामीन या रसायनाच्या चढउतारांमुळे अंदाज आणि सवयी बदलत जाण्याची प्रक्रिया. डोपामीनला सर्रास ‘आनंदाचे रसायन’ म्हणतात, ते चुकीचे आहे. मेंदूतले डोपामीन जवळजवळ संपवलेल्या उंदरांच्या जिभेवर साखरपाणी सोडले तरी ते आवडीने ओठ चाटतात. पण स्वतः उठून खायला जात नाहीत.

मध्यमेंदूतील डोपामीन पेशी कळवतात तो फरक: अपेक्षा किती होती आणि हाती किती आले. मेंदूशास्त्रज्ञ वोल्फ्राम शुल्त्स यांच्या प्रयोगांत माकडाला अवचित रस मिळाला की या पेशी उसळत. दिवा लागला की रस येतो हे कळल्यावर उसळी दिव्यालाच येऊ लागली. दिवा लागून रस आला नाही, तर नेमक्या त्या क्षणी पेशी गप्प होत. 1997 मध्ये शुल्त्स, पीटर डायन आणि रीड माँटेग्यू यांनी याचे गणित मांडले.

ते गणित सोपे आहे. कर्लीच्या खाडीत एका वळणावर पहिल्यांदाच पाग (हाताने फेकायचे गोल जाळे) टाकला, अपेक्षा शून्य, बोय मासळी आली 10. फरकाचा पाचवा हिस्सा अंदाजात मिळवला तर नवा अंदाज 2. पुन्हा 10 आली तर 3.6, मग 4.88. अंदाज 10 वर पोचला की 10 बोयींनी काहीच नवे शिकवले जात नाही. त्यानंतर पाग रिकामा आला, तर अंदाज 8 वर उतरतो.

पाग फेकण्याच्या हातोटीत वेळ महत्त्वाची. हात सोडायला उशीर झाला की जाळे गोल न उघडता गोळा होऊन पडते, आणि हे नवशिक्याला तिथल्या तिथे दिसते. उंदरांच्या मेंदूत पेशींमधला जोड बळकट व्हायला त्या जोडावर संकेत आल्यानंतर 0.3 ते 2 सेकंदांत डोपामीन यावे लागते, असे 2014 मध्ये आढळले. घरी परतताना दिलेली शाबासकी मन राखते. मनगटाला तिचा फारसा उपयोग नाही.

गरी टाकून बसणाऱ्याला उठवत का नाही, तेही यातच आहे. मिळण्या-न मिळण्याची शक्यता निम्मी-निम्मी असते, तेव्हा वाट पाहतानाच या पेशी हळूहळू चढत जातात.

कंपवातात (पार्किन्सन) या पेशी मरतात. डोपामीन वाढवणारे औषध न घेतलेले रुग्ण चुकांतून जास्त शिकतात, औषध घेतल्यावर यशातून. पेशींनी सोडलेले डोपामीन कोकेन परत शोषू देत नाही. त्यामुळे अंदाज कितीही वाढला तरी ‘अपेक्षेपेक्षा जास्त’ हा निरोप थांबत नाही, असा एक सिद्धांत आहे.